पाहुण्याला दिलेला उसना आवाज

मला माणसांचे आवाज काढता येतात. शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात मी खिडकीआडून सुट्टी जाहीर केली होती आणि तीन वर्ग दप्तरं उचलून घरी गेले होते. आई म्हणायची, तुझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणायचो, कुणाच्याच जिभेला नसतं. यावर ती हातातलं लाटणं दाखवायची आणि वाद संपायचा.

पुढे याच जिभेवर मी थोडंफार कमावलंही. तलासरी नाक्यावर माझं फोटोचं दुकान होतं, अजूनही आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नाचं शूटिंग. राहायला आशागडला, आईजवळ. २०१४च्या उन्हाळ्यात एका बंद पडलेल्या क्लासवाल्याकडून जुना प्रोजेक्टर मिळाला आणि मी पाड्यापाड्यांवर पिक्चर दाखवायला लागलो. कुणाकडे बारसं म्हणून, कुठे पूजा म्हणून, कुठे नुसताच हुरूप आला म्हणून. पिक्चर हिंदीतला असायचा. तरुणांना हिंदी कळे, गुजराती त्याहून बरी कळे, पण पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांना दोन्हींचा कंटाळा. म्हणून मी पिक्चरचा आवाज बंद करायचो, माइक हातात घ्यायचो आणि सगळी पात्रं स्वतःच बोलायचो, आमच्या इकडच्या बोलीत. हीरोला तलाठ्याचा आवाज, व्हिलनला एसटीच्या कंडक्टरचा. लोक पोट धरून हसायचे. मूळ पिक्चरमध्ये काय होतं, हे मला कधी कुणी विचारलं नाही.

पडदा बांधायला आणि जनरेटरची दोरी ओढायला माझ्याबरोबर माझा मित्र असायचा. झरीच्या पुढे एक पाडा आहे, तिथला. माझ्याच वयाचा, म्हणजे तिशीचा, शांत माणूस. बोलायचा तो दोन हप्त्यांत. अर्धं वाक्य आत्ता, अर्धं थोड्या वेळाने, मधल्या वेळात समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. ‘जेवण तर...’ म्हणून तो दोर गुंडाळत बसायचा आणि दोर गुंडाळून झाला की ‘झालंय माझं’ म्हणायचा. बायकोला चारचौघांत हाक मारायची त्याला लाज वाटे. दारात आला की तो जीभ टाळ्याला लावून दोनदा वाजवायचा, टॉक टॉक. आतून ती ‘आले’ म्हणायची. मी त्याला चिडवायचो, अरे, ती बायको आहे का शेळी? तो म्हणायचा, ‘शेळी तर...’ आणि बऱ्याच वेळाने, ‘ऐकत नाय.’

तिला मी वहिनी म्हणतो. वहिनीचा हात फार चांगला. त्यांच्याकडे लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि तो लिहायचा मान सवाशिणींचा, म्हणजे जिचा नवरा हयात आहे अशाच बाईचा. चौक झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. आसपासच्या चार पाड्यांवर चौक म्हटला की वहिनीला बोलावणं जायचं. शूटिंगला मी आणि चौकाला ती, अशी लग्नसराईत आमची कितीदा तरी एकाच घरात गाठ पडे. मी कॅमेरा तिच्या हातावर धरला की ती न बघताच सांगायची, ‘भाऊ, उजेडातनं बाजूला हो.’

त्या वर्षीचा पावसाळा ओसरला आणि मित्र बोटीवर गेला. आमच्या भागातले लोक असे जातातच. भात लावून झालं की गुजरातच्या बंदरांवर खलाशी म्हणून जायचं आणि मे महिन्यात परत यायचं. तो त्याआधी कधी गेला नव्हता. डहाणूकडचा एक खलाशी आयत्या वेळी आजारी पडला, त्याच्या बदली हा गेला. बोटीचा मुख्य, ज्याला तांडेल म्हणतात, तो गावात येऊन त्याला घेऊन गेला. घर शाकारायचं होतं, मुलगी चार वर्षांची होती, आणि इकडे आठ महिने सलग काम कुठे मिळतं? मी त्याला नाक्यावर बसमध्ये बसवून दिलं.

२०१५ उजाडलं आणि बातमी आली की त्याची बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि पलीकडच्या देशाने सगळे खलाशी धरले. पकडलेल्यांची यादी आली. आमच्या गावाच्या पानावर त्याचं नाव नव्हतं. जवळच्या दुसऱ्या बोटीवरून सुटून आलेला एक जण सांगत होता, त्या गडबडीत एक माणूस पाण्यात पडताना त्याने पाहिला. कोण ते दिसलं नाही. ज्या तांडेलाने मित्राला नेलं होतं तो स्वतःच पकडला गेलेला, त्यामुळे विचारायचं कुणाला? वहिनी तहसील कचेरीत गेली, पोलिसांकडे गेली, दिराला घेऊन बंदरावर बोटवाल्याकडेही जाऊन आली. अर्जांना लावायचे फोटो मीच काढून दिले. सगळीकडून एकच उत्तर, कळवू.

तिचं कुंकू तसंच राहिलं, बांगड्याही तशाच. पण चौकाचं बोलावणं थांबलं. ‘येऊ नको’ असं तिला कुणी म्हटलं नाही. इकडची माणसं असं तोंडावर बोलत नाहीत. नुसतं बोलावणं यायचं नाही. नवरा हयात आहे असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार? आणि तो नाही असं म्हणून तिला कपाळ पुसायला तरी कोण सांगणार? दोन लग्नसराया ती अशी अधांतरी बसली. एका लग्नात मी शूटिंग करत होतो, तेव्हा ती अंगणाच्या कडेला उभी राहून आतल्या भिंतीकडे बघताना मला कॅमेऱ्यात दिसली. आत दुसरी कुणी तरी चौक लिहीत होती. मी कॅमेरा मांडवाकडे वळवला.

२०१६ची भातझोडणी झाली तेव्हा मित्राच्याच पाड्यावरून पिक्चरची सुपारी आली. माझ्या पेनड्राइव्हमध्ये एका गिऱ्हाइकाने भरून दिलेला एक परदेशी पिक्चर होता, कुठल्या तरी थंड मुलखातला. आकाशातून एक पाहुणा येतो आणि बटाट्याची शेती करणाऱ्या एका एकट्या बाईकडे राहतो, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, स्फोट नाहीत, त्या पाहुण्याला पृथ्वी जिंकायचीही नसते. दिसायला तो माणसासारखा, फक्त त्याची सावली दिव्याच्याच बाजूला पडते. आणि त्याला आपल्यातलं काही म्हणता काही कळत नाही. खुर्चीवर उभा राहतो. पलंगाखाली झोपतो. बाई रडते तेव्हा तिच्या गालावरचं पाणी बोटावर घेऊन चाखतो आणि मग जेवताना तिच्यासमोर मिठाचं भांडं सरकवतो. गावातले लोक आधी त्याला घाबरतात, मग बटाटे सोलायला शिकवतात. संपूर्ण पिक्चरभर तो एक शब्द बोलत नाही. मला याहून काय पाहिजे? मुका हीरो म्हणजे माझ्यासाठी मोकळं रान.

दुसऱ्या एका पाड्यावर मी त्या पाहुण्याला ग्रामसेवकाचा आवाज दिला होता आणि लोकांनी तो पिक्चर परत लावायला लावला होता. इथे कुणाचा द्यायचा हे मी ठरवून गेलो नव्हतो. पिक्चर सुरू झाला. पाहुणा मान तिरकी करून बाईच्या अंगणात दोर गुंडाळत बसला आणि मला माझा मित्र आठवला. वाटलं, त्याच्याच पाड्यावर त्याची आठवण निघेल, लोकांना बरं वाटेल. खरं सांगायचं तर मलाच बरं वाटणार होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

‘बटाटा तर...’ पडद्यावरचा पाहुणा म्हणाला. त्याने तो बटाटा उलटासुलटा करून पाहिला, कानाला लावला. ‘...कच्चा हाय.’

दिवेलागण नुकतीच होऊन गेली होती. अंगणात पन्नास-साठ माणसं होती. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग मागून कुणी तरी ओरडलं, ‘अरे, ह्यो तर आपला!’ आणि हसू फुटलं. पोरं त्याची वाक्यं माझ्याआधीच पुरी करायला लागली. मी असा काही रंगात आलो की विचारू नका. नकला करणाऱ्याला हसणारी माणसं मिळाली की त्याला डोळे राहत नाहीत. बायकांच्या बाजूला वहिनी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, तिच्याकडे मी एकदाही बघितलं नाही.

मग तो प्रसंग आला. पाहुणा दिवसभर भटकून परत येतो, दार बंद असतं आणि त्याला दार वाजवायचं असतं हेच माहीत नसतं. तो नुसता उभा. मी माइक अगदी तोंडाजवळ धरला आणि जीभ टाळ्याला लावून दोनदा वाजवली. टॉक टॉक.

बायकांच्या बाजूने आवाज आला, ‘आले!’

वहिनी उठली होती. पदर सावरत, घाईघाईने, घरी चुलीपुढून उठावं तशी. मुलगी मांडीवरून खाली घसरली. चार पावलं ती पुढे आली, प्रोजेक्टरच्या उजेडात शिरली आणि तिचं डोकं पडद्यावर काळं उमटलं. तेव्हा तिला आपण कुठे आहोत ते कळलं. ती तशीच उभी राहिली आणि पडद्यावरच्या त्या परक्या माणसाकडे बघून अगदी हळू म्हणाली, ‘कुठं हायस तू?’

हसणं जागच्या जागी मेलं. पुढे बसलेली एक म्हातारी छाती पिटायला लागली, तिच्यामागे दुसरी. मला आधी काहीच समजेना. आणि मग समजलं. इकडच्या पाड्यांवर माणूस गेला की त्याचे दिवस घालताना भगत बसतो. तो गेलेल्याला हाक घालतो आणि गेलेला माणूस तिथे बसलेल्या कुणाच्या तरी तोंडून बोलतो, मागे राहिलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. दुसऱ्याच्या तोंडून बोलतो तो मेलेलाच. जिवंत माणसाला स्वतःचं तोंड असतं, त्याला दुसऱ्याचं कशाला लागेल? हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. दोन ठिकाणी मी स्वतः जाऊन बसलो होतो. आणि तरी त्या अर्ध्या तासात ते एकदाही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आपला माणूस मेला, असं त्या अंगणाने आत्ता ऐकलं होतं आणि ते त्यांना मी सांगितलं होतं, माइकवरून, हसवत हसवत.

‘अहो, नक्कल आहे! मी आहे मी!’ मी ओरडलो. पण आवाज चिरकून असा काही निघाला की तो माझा मलाच ओळखू येईना. मी जितका ओरडलो तितकी लोकांची खात्री पटत गेली. अंगात आलेलं जाताना माणूस असाच ओरडतो. शेवटी दिराने जनरेटर बंद केला. अंधारात मी पडदा सोडला, सामान गाडीवर बांधलं आणि कुणी मला अडवलं नाही, कुणी बोललंही नाही. त्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर मी आशागडपर्यंत नीट गाडी चालवली असती.

घरी आईला सगळं सांगितलं. ती ओरडेल म्हणून मी तयार होऊन बसलो होतो. तिने नुसतं विचारलं, ‘तिच्या बांगड्या अजून हातात आहेत ना?’ मी हो म्हटलं. ‘मग उजाडल्यावर जा,’ आई म्हणाली, ‘आणि सगळ्यांच्या पाया पडून सांग, मी मूर्ख आहे म्हणून.’

सकाळी मी त्याच तयारीने गेलो. पाड्याच्या अलीकडे विहीर आहे, तिथे वहिनी राखेने भांडी घासत होती. मी गाडी उभी केली आणि पाठ केलेलं बोलायला लागलो. सगळ्यांसमोर कबूल करतो, शपथ घेतो, ती नक्कलच होती, त्याला काही झालेलं नाही.

‘नको सांगू,’ ती म्हणाली.

‘अहो, पण ती नक्कल होती वहिनी. खरंच नक्कल होती.’

‘मना ठाऊक हाय ते. तो एवढं बोलला का कवा?’ तिने पातेलं विसळलं. ‘जन्मात बोलला नाय तेवढं तू अर्ध्या तासात बोललास.’

‘मग तुम्ही उठलात का?’

‘कानाला काय कळतंय,’ ती म्हणाली आणि तिने पुढचं भांडं ओढलं. मग तिने सांगितलं. ‘दोन वर्सं मी इचारत फिरते. सरकारला इचारलं. बोटवाल्याला इचारलं. जिता हाय का ते जित्यांना ठाऊक नाय. ऱ्हायलं कोण? मेलेली माणसं. तिकडं गेला असंल तर त्यांना ठाऊक. पण मयत झाल्याबिगर भगत बसत नाय. चार म्हाताऱ्यांनी सांगावं लागतं, हा गेला म्हणून. आता ते सांगतील. तुझ्यामुळं सांगतील.’

‘आणि भगताच्या हाकेला तो आला तर?’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘आला तर येऊ दे. तिथं तरी जेवाया मिळंल त्याला, माझ्या हातचं.’ दिवसांच्या वेळी गेलेल्याच्या नावाने पान वाढतात, ते ती म्हणत होती. मग ती उठली, भांड्यांची टोपली कमरेवर घेतली आणि माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. ‘ज्या तोंडात आला तेच तोंड भगत बसवतो. म्हंजे तू बसणार. खोटं बोलायचं नाय, भाऊ. आलं तर बोल, नाय आलं तर गप ऱ्हा.’

मी अर्ज, फोटो आणि झेरॉक्स यांच्या पलीकडे तिच्यासाठी काही केलं नव्हतं आणि ही बाई माझ्या मूर्खपणातून स्वतःसाठी वाट काढत होती. पाड्यावर गेलो. दीर माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं होतं. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, ‘माझ्या भावानं तुझं तोंड धरलं. बरं झालं, ओळखीचं धरलं.’ तो रडत होता. मी मान खाली घातली आणि गप्प राहिलो. ती गप्प राहण्याची सुरुवात होती, एवढं मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, त्यांच्या घरात बैठक झाली. जमीन सारवलेली, सुपात तांदूळ, त्यावर दिवा. भगत म्हणजे एक किडकिडीत म्हातारा, नेहमी बाजारात भेटणारा, माझ्याच दुकानात आधार कार्डाचं लॅमिनेशन करून गेलेला. एक जण कोपऱ्यात तारेचं वाद्य छेडत होता, एकच सूर, परत परत. मला सुपासमोर बसवलं. माझ्या समोर वहिनी, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिच्या दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. मी बोललो की तिच्या बांगड्या त्या उतरवणार होत्या.

भगताने तांदळात बोट फिरवलं आणि मित्राला हाक घातली. पहिल्यांदा बापाच्या नावाने, मग आईच्या. मी जमिनीकडे बघत राहिलो. मनात म्हटलं, हे काय अवघड आहे? गप्प तर बसायचंय. मी या गोष्टी मानत नाही, माझ्यावर काय येणार? तिसरी हाक वहिनीने घालायची होती. तिने हाक मारली आणि विचारलं, ‘तिकडं हायस का तू?’

आणि माझी जीभ उचलली गेली.

मी उचलली नाही. हे मी आजही कुठेही सांगायला तयार आहे. ती आपोआप उठली आणि टाळ्याला जाऊन चिकटली, वाजायच्या तयारीत. वर्षानुवर्षं मी लोकांचे आवाज काढतोय, ती सवय असेल. इतकी माणसं तोंडाकडे बघत असली की नकलाकाराची जीभ वळवळतेच. किंवा ती सवय नसेल. ‘आलं तर बोल,’ असं तिने बजावलं होतं. हे आलं म्हणायचं का? मी समोर बघितलं. दोन्ही म्हाताऱ्यांनी तिची मनगटं हातात घेतली होती. मी जीभ ओढून दाताखाली धरली आणि तोंडात रक्ताची चव येईपर्यंत दाबली.

किती वेळ गेला माहीत नाही. ते वाद्य थांबलं. भगताने सूप बाजूला सारलं आणि नेहमीच्या, बाजारातल्या आवाजात म्हणाला, ‘नाय. तिकडं नाय तो.’

म्हाताऱ्यांनी मनगटं सोडली. वहिनी उठली, आत गेली आणि थोड्या वेळाने सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. पिक्चरच्या रात्रीचं काय, असं कुणी तरी विचारलं, तर भगत म्हणाला, पोरगं मित्राच्या आठवणीनं बोललं असंल, त्याला काय करायचं? विषय तिथे मिटला. करायला गेलो नक्कल आणि झालं भलतंच, पण पाड्याच्या दृष्टीने सगळं ठीक झालं होतं. भगताने भरल्या घरात सांगितलं होतं की तो तिकडे नाही. म्हणजे तो इकडे आहे. म्हणजे ती सवाशीण.

त्या लग्नसराईत वहिनीला चौकाचं पहिलं बोलावणं आलं. मी शूटिंगला होतो. तिने भिंतीवर पहिली रेघ ओढली आणि आजूबाजूच्या बायकांनी गाणं धरलं. सगळे आनंदात होते आणि मला कॅमेरा धरवत नव्हता. भगत म्हणाला होता ‘नाय’, पण माझ्या तोंडात काय झालं होतं ते भगताला कुठे ठाऊक होतं? मित्र खरंच आला असेल आणि मी त्याचं तोंड दाबलं असेल तर? तो उपाशी परत गेला असेल तर? मी दहावीपर्यंत विज्ञान शिकलेला, भुताखेतांच्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस, आणि दोन वर्षं हा एक विचार मला सोडेना. प्रोजेक्टर मी कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला. लोक विचारायचे, आवाज काढ की. मी म्हणायचो, घसा बसलाय. आईला मात्र मी सांगितलं. ती म्हणाली, ‘तू तिच्या मनगटांकडे बघितलंस ना? मग झालं.’ माझं काही तेवढ्यावर झालं नाही. मी वहिनीच्या नजरेला नजर देत नव्हतो.

२०१९च्या उन्हाळ्यात पोलीस डहाणूकडच्या एका गावात गेले. तिथल्या एका घरात त्यांनी सांगितलं, तुमचा माणूस पलीकडच्या तुरुंगातून सुटतोय, चार दिवसांत येईल. घरातली माणसं बघतच राहिली. कारण तो माणूस ओट्यावर बसून आंबा खात होता.

तोच तो आजारी पडलेला खलाशी. माझा मित्र त्याच्या बदली गेला, पण बोटीचा कागद कुणी बदललाच नव्हता. पलीकडे त्याला धरलं ते त्या दुसऱ्याच्या नावाने, तुरुंगात ठेवलं ते त्याच नावाने, आणि यादीतही तो पहिल्या दिवसापासून होता, दुसऱ्याच्या गावाच्या पानावर. आम्ही आपलं पान चाचपत राहिलो. तो आजारी माणूस बरा होऊन दुसरीकडे कामाला लागला होता, आपण परदेशात कैदेत आहोत हे त्याला कोण सांगणार? तो आंबा तसाच हातात धरून मोटरसायकलवर मागे बसून तलासरीला आला आणि माझ्या दुकानाच्या दारातून ओरडला. मी काउंटरच्या मागे होतो. मला त्याचं बोलणं तीनदा ऐकावं लागलं. मग मी काउंटरवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडलो, गिऱ्हाइकं समोर उभी असताना.

चार दिवसांनी हायवेवर, नाक्याजवळ, दुपारची बस थांबली. आम्ही सात-आठ जण होतो. तो शेवटी उतरला. केस पांढरे झालेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पायात दुसऱ्याच कुणाची तरी मोठी चप्पल. मुलीने त्याला ओळखलं नाही. दीर पुढे व्हायचा तिथेच थबकला. कुणालाच सुचेना की आता काय करतात. ट्रक जात होते, धूळ उडत होती आणि तो आमच्याकडे एकेकाच्या चेहऱ्यावरून बघत होता.

वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ती रडेल, त्याचा हात धरेल. तिने तसं काही केलं नाही. तिने जे विचारलं ते दोन वर्षं मी एकटाच गिळून बसलोय असं मी समजत होतो.

‘भगत बसवून आम्ही हाक मारली होती तुला,’ ती म्हणाली. ‘मी मारली होती. तुला ऐकू आली का?’

त्याने तिच्याकडे बघितलं. त्याला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

‘रोजच यायची,’ तो म्हणाला. ‘कुठल्या दिवसाची इचारतेस?’